तळटीप १४ : ‘हाय अँग्झायटी’ आणि हिचकॉक

१४. मेल ब्रूक्सचा विनोदी रहस्यपट (१९७७). तो आल्फ्रेड हिचकॉकलाच अर्पण केलेला आहे. लेखकाने वर न्हाणीघराच्या प्रसंगाचा नुसता उल्लेख केला आहे, पण तो बारकाईने पाहण्याजोगा आहे. ‘सायको’त (१९६०) शॉवरखाली खून होतो. इथे वर्तमानपत्रासाठी तगादा लावल्यामुळे चिडलेला हॉटेलचा पोऱ्या त्याच वर्तमानपत्राची गुंडाळी सुऱ्यासारखी हाणत सुटतो. पडदा ओढला जातो, नायक कोसळतो आणि पाण्याबरोबर शाई ओघळत मोरीत जाते. ‘सायको’ कृष्णधवल होता व त्यातले रक्त म्हणजे चॉकलेटचे सिरप होते, हे माहीत असलेल्याला शाईची ही निवड विशेष भावेल. मूळ प्रसंग चौकटीगणिक पाठ असल्याशिवाय असे जमत नाही. पोऱ्याचे काम करणारा बॅरी लेव्हिन्सन हा पटकथेच्या लेखकांपैकी एक. पुढे तो नामवंत दिग्दर्शक झाला.

उंचीची भीती व मनोरा ‘व्हर्टिगो’तून (१९५८) आले आहेत. नायकाचे थॉर्नडाइक हे आडनाव ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मधल्या (१९५९) थॉर्नहिलची आठवण देते. नायकावर शिटणारी कबुतरे अर्थात ‘द बर्ड्स’ची (१९६३). त्या चित्रपटाची पार्श्वचित्रे रंगवणारे आल्बर्ट व्हिटलॉक यांनी ब्रूक्सच्या चित्रपटातही काम केले असून एका छोट्या भूमिकेत ते पडद्यावरही दिसतात. – संपा.