शेजारची खुर्ची

'झोप लागत नाही, छातीत धडधडतं, अंगात त्राण नाही.' फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात रोज ऐकू येणाऱ्या या तक्रारी. त्यांतल्या काही मनाच्या दुखण्याच्या असतात. पण तसे सांगत कुणी येत नाही. मग मानसोपचारतज्ज्ञानेच तिथे जावे, या विचाराचा मागोवा घेताना मला दोन ठिकाणी थांबावेसे वाटले: लंडन आणि गोवा.

मायकेल बालिंट हे बुडापेस्टमधल्या एका सामान्य डॉक्टरचे चिरंजीव, पुढे लंडनला स्थायिक झालेले मनोविश्लेषक. १९५०च्या सुमारास ते टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये फॅमिली डॉक्टरांचा गट घेऊन बसू लागले. तिथे व्याख्यान नसे. डॉक्टरने आपला अवघड पेशंट मांडायचा आणि सर्वांनी त्यावर बोलायचे. १९५७च्या त्यांच्या ग्रंथाचा गाभा असा, की सर्वांत जास्त दिले जाणारे औषध म्हणजे खुद्द डॉक्टर. मात्र त्याची मात्रा कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. १९६६मध्ये मायकेल शेफर्ड यांनी लंडनमधल्या ४६ दवाखान्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मानसोपचारतज्ज्ञांची संख्या वाढवण्यापेक्षा फॅमिली डॉक्टरचे हात बळकट करा, हा त्यांचा निष्कर्ष.

भारतात तज्ज्ञ मुळातच मोजके. चंडीगडच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७५पासून हरियाणातल्या रायपूर राणी भागात प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत उपचार करून पाहिले. १९८२मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९८५मध्ये बळ्ळारीचा जिल्हा प्रयोग. भर होता डॉक्टरांना प्रशिक्षण देण्यावर. पण बाहेर रांग असताना शिकलेले वापरायला वेळ कुठून आणायचा?

गोव्यातल्या 'मानस' प्रयोगाने इथे तिसरी खुर्ची मांडली. दोन महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेली स्थानिक समुपदेशक पेशंटशी सविस्तर बोले, डॉक्टर गरजेप्रमाणे औषध देई आणि भेटीला येणारा मानसोपचारतज्ज्ञ दोघांच्या पाठीशी असे. १२ सरकारी केंद्रे आणि १२ खासगी दवाखाने यांत सहभागी होते. २०१०मध्ये निष्कर्ष छापून आले. सरकारी केंद्रांत या पद्धतीने सहा महिन्यांत सुमारे ६६ टक्के पेशंट बरे झाले. ती नसलेल्या केंद्रांत सुमारे ४३ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरकच नव्हता. दोन्हीकडे आकडा ६५च्या आसपास.

हा दुसरा आकडा प्रयोगाचे अपयश म्हणून वाचणे सोपे आहे. मला त्यात बालिंट दिसतात. खासगी दवाखान्यात बहुधा तोच डॉक्टर पुन्हा पुन्हा भेटतो, घरची चौकशी करतो. ते औषध तिथे आधीच चालू असावे. सरकारी केंद्रात ते समुपदेशकाच्या रूपाने आणावे लागले.

आज शहरांतून फॅमिली डॉक्टर कमी होत चालला आहे. तज्ज्ञाने ज्याच्या शेजारी बसायचे, ती खुर्चीच रिकामी झाली, तर नुसते तज्ज्ञ वाढवून ती भरणार नाही.