'क्रॅनफर्ड' : एका सौम्य कादंबरीची साक्ष

इतिहास लिहिणारे लोक राजांच्या सनदांवर, पार्लमेंटातील भाषणांवर व लढायांच्या कागदांवर विसंबतात. कधी कादंबरीकडे वळलेच, तर जीत गिरणीकामगारांचा संप किंवा उपाशी पोरांचा आक्रोश आहे तिलाच ते साक्षीस बोलावितात. जिच्यात चार प्रौढ स्त्रिया एकमेकींकडे चहास जातात, पत्ते खेळतात आणि जुन्या टोपीस नवी फीत लावितात, तिला कोण विचारणार? एलिझाबेथ गास्केल या इंग्रज लेखिकेच्या 'क्रॅनफर्ड'च्या वाट्यास पुष्कळ दिवस हीच उपेक्षा आली. 'गोड पुस्तक आहे' एवढे म्हणून रसिक मोकळे होत. हा गोडवा कोठून आला आणि त्याच्या तळाशी काय आहे, हे वाचकांपुढे थोडक्यात ठेवण्याचा आमचा विचार आहे.

गास्केलबाईंचा जन्म 1810 साली लंडनला झाला. आई लवकरच वारली, आणि चेशायर परगण्यातील नट्सफर्ड या लहानशा गावी मावशीने त्यांस वाढविले. हेच गाव पुढे क्रॅनफर्ड झाले. 1832 साली एका धर्मोपदेशकाशी विवाह होऊन त्या धुराने काळवंडलेल्या मँचेस्टरात आल्या. 1845 साली त्यांचा तान्हा मुलगा तांबड्या तापाने गेला. त्या दुःखातून मन वळावे म्हणून पतीने त्यांस लिहिण्यास प्रवृत्त केले, व 1848 साली मजुरांच्या हालांचे चित्र रेखाटणारी 'मेरी बार्टन' प्रसिद्ध झाली. ती वाचून डिकन्सने आपल्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' या साप्ताहिकासाठी त्यांच्याकडे लेखन मागितले. 1850 साली तेथे छापलेल्या पहिल्या कथेचे त्यांस 20 पौंड मिळाले, आणि ते यजमानांनी शांतपणे आपल्या खिशात घातले, असे त्यांनी एका पत्रात गमतीने लिहिले आहे. विवाहित स्त्रीची मिळकत कायद्याने पतीची समजली जात असे. 1870 पर्यंत हाच कायदा होता. तेव्हा त्या हसण्यात थोडा कडवटपणा नसेलच असे आम्हांस म्हणवत नाही.

'क्रॅनफर्ड'चा पहिला भाग 13 डिसेंबर 1851 च्या अंकात आला. तो एकच लेख व्हावयाचा होता; पण वाचकांस व संपादकांस गावाचा लळा लागला आणि मे 1853 पर्यंत अधूनमधून भाग निघत राहिले. पहिल्या भागात कॅप्टन ब्राउन हा सज्जन 'पिक्विक'चा ताजा अंक वाचण्यात गढलेला असता आगगाडीखाली सापडू पाहणाऱ्या मुलास वाचवितो व स्वतः प्राणास मुकतो. आपल्याच पत्रात आपलीच स्तुती नको म्हणून डिकन्सने त्या जागी हूड या कवीचे नाव घातले. बाईंस ते रुचले नाही. 1853 साली पुस्तक निघाले तेव्हा त्यांनी 'पिक्विक' पुन्हा जागेवर आणून बसविला. लेखिका सौम्य होती, परंतु आपल्या शब्दांविषयी ती नरम नव्हती.

आता कथेच्या गाभ्याकडे वळू. मिस मॅटी ही धर्मोपदेशकाची अविवाहित कन्या. तिच्या वडील बहिणीने सगळी पुंजी एका पेढीच्या भागांत गुंतवून ठेविलेली. एके दिवशी रेशीम घेण्यास ती दुकानात गेली असता, त्याच पेढीची पाच पौंडांची नोट दुकानदार एका शेतकऱ्याकडून घेत नाही असे तिच्या दृष्टीस पडते. मॅटी आपली पाच सुवर्णनाणी त्याच्या हाती ठेवून ती नोट स्वतः घेते. आपण भागीदार आहोत, तेव्हा या गरिबाची फसवणूक आपल्या हातून होऊ नये, एवढाच तिचा हिशेब. दुसऱ्या दिवशी पेढी बुडाल्याचे कळते.

हा प्रसंग केवळ भावुक कल्पना नव्हे. 1825-26 च्या आपत्तीत इंग्लंडात पुष्कळ पेढ्या बुडाल्या होत्या. 1826 च्या कायद्याने भागीदारीच्या मोठ्या पेढ्यांस वाट मोकळी झाली खरी, परंतु भागीदाराची जबाबदारी अमर्याद राहिली. पेढी बुडाल्यास त्याच्या घरादारापर्यंत देणे पोहोचे. 1836 च्या अखेरीस खुद्द मँचेस्टरमधील एक मोठी पेढी संकटात सापडली होती. निराधारांस सरकारचा आधार म्हणजे 1834 च्या कायद्याची अनाथगृहे, आणि तेथे जाणे हे मरणाहून लाजिरवाणे समजले जाई. कुलीन स्त्रीने दुकान मांडावे तर प्रतिष्ठा जाणार, न मांडावे तर पोट कसे भरणार? मॅटीच्या चहाच्या पेल्यामागे एवढे मोठे भय उभे आहे.

त्या भयास क्रॅनफर्डने दिलेले उत्तर आम्हांस फार मोलाचे वाटते. मैत्रिणी गुपचूप एकत्र जमतात. प्रत्येकीने आपणांस झेपेल ती वार्षिक रक्कम चिठ्ठीवर लिहून ती मोहोरबंद करावयाची, आणि मॅटीस याचा सुगावाही लागू द्यावयाचा नाही, असे ठरते. त्यांपैकी एकीचे स्वतःचेच उत्पन्न तुटपुंजे आहे. मोलकरीण मार्था लग्न उरकून मालकिणीस आपल्याच घरी बिऱ्हाडकरू म्हणून ठेवून घेते. मॅटी चहा विकू लागते. पण गावातील वाण्याच्या धंद्यास धक्का लागेल की काय, म्हणून आधी त्यासच विचारून येते, आणि तो उलट आपली गिऱ्हाइके तिच्याकडे धाडतो! धनशास्त्री यास वेडेपणा म्हणतील; म्हणोत बापडे.

या कथेचा एक धागा हिंदुस्थानाशी जोडलेला आहे. मॅटीचा भाऊ पीटर वडिलांनी मारिले म्हणून घर सोडून गेलेला असतो. त्याने हिंदुस्थानातून धाडलेली मऊ पांढरी शाल आईच्या मृत्यूनंतर येऊन पोहोचते, आणि तिच्यातच आईस मूठमाती मिळते. अखेरीस तो परत येतो. गास्केलबाईंचा स्वतःचा भाऊ जॉन हा खलाशी. तो 1828 च्या सुमारास हिंदुस्थानच्या सफरीत नाहीसा झाला व पुन्हा आला नाही. जे दैवाने दिले नाही ते लेखणीने मिळविले, असे येथे म्हणावेसे वाटते.

या गावात दोष नाहीत असे नाही. कुलशीलाचा ताठा आहे, पोशाखावरून माणसाची पारख आहे, आणि गरिबास प्रवेश मिळतो तो बहुधा मागल्या दाराने. लेखिका हे झाकीत नाही. हसत हसत दाखविते. म्हणूनच तिची साक्ष विश्वासार्ह ठरते. 1865 साली, मृत्यूच्या वर्षी, रस्किन यास लिहिलेल्या पत्रात त्या म्हणतात की आपल्या पुस्तकांपैकी पुन्हा वाचवेल असे हे एकच. गिरणीगावातील हालांचे चित्र काढणाऱ्या लेखिकेने विसाव्यास या गावी यावे, याचे कारण आमच्या मते एकच : पेढी बुडाल्यावर माणसे कशी तरली, याचा हिशेब तिने येथे लिहून ठेविला आहे, आणि कोणत्याही पेढीच्या वह्यांत तो सापडावयाचा नाही.