चेंडू, चहा आणि कप्तानपद

क्रीडांगणावर जात पाहिली जात नाहीं, असें आपण मोठ्या अभिमानानें सांगतों. पुण्यामुंबईच्या क्रिकेटचा जुना इतिहास मात्र त्याला सर्वस्वी अनुकूल नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यांतील युरोपियनांच्या जिमखान्यांत बाळू पालवणकर हे चर्मकार जातीचे तरुण नोकरीस होते. पगार दरमहा चार रुपये. रोलर फिरवावयाचा, रेघा मारावयाच्या आणि साहेबलोकांना सरावासाठीं चेंडू टाकावयाचे, हें त्यांचें काम. फलंदाजी ही सरदारी आणि गोलंदाजी ही मजुरी, असा तेव्हांचा समज होता. त्या मजुरींतूनच हा डावखुरा गोलंदाज घडला.

पुढें पुण्याच्या हिंदु क्लबाला युरोपियनांशीं सामने जिंकावेसे वाटूं लागले, तेव्हां बाळूंना पाचारण झालें. धर्माची अडचण कशी सोडविली तें पाहण्यासारखें आहे. बाळूंचा हात लागलेला चेंडू ब्राह्मण खेळाडू बिनदिक्कत झेलीत. परंतु विश्रांतीच्या वेळीं इतरांनीं आंत बसून चिनी मातीच्या कपांतून चहा घ्यावा आणि बाळूंनीं बाहेर, टाकून द्यावयाच्या मडक्यांतून! चेंडूही चामड्याचाच, हें कोणाच्या ध्यानांत आलें नसावें.

मुंबईस आल्यावर हिंदु जिमखान्यानें त्यांना घेतलें. तेथें पंक्तिभेद पुष्कळ कमी झाला. १९०६ सालीं हिंदु संघानें युरोपियनांना हरविलें, त्यांत बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत तर त्यांनीं ११४ बळी मिळविले. इतकें झाल्यावर हिंदु संघाचें कप्तानपद कोणाचें, हा प्रश्न उरावयास नको होता. परंतु तो उरला, आणि वर्षानुवर्षें उरला. चेंडू टाकण्यास अस्पृश्य चालतो, पण त्याची आज्ञा पाळणें जड जातें, हेंच त्याचें सरळ कारण. १९१३ सालीं एम. डी. पै कप्तान झाले. हा मान बाळूंचा होता, असें त्यांनीं आपल्या सत्कारप्रसंगीं उघड सांगितलें. पद मात्र सोडलें नाहीं.

१९२० सालीं गोष्ट विकोपास गेली. बाळूंना संघांतूनच वगळण्यांत आलें. पै आजारी पडले तेव्हां बाळूंचे बंधु विठ्ठल यांना डावलून दि. ब. देवधर यांना नायक करण्यांत आलें. विठ्ठल आणि शिवराम हे दोघे बंधु संघांतून बाहेर पडले आणि त्याचें कारण त्यांनीं वर्तमानपत्रांतून जाहीर केलें. खेळाडूनें निवडसमितीचा निर्णय मुकाट्यानें मानावा, हा खिलाडूपणाचा रूढ अर्थ. पण निवड जर खेळावरून झालीच नसेल, तर मुकाट्यानें खेळणें म्हणजे त्या अन्यायाला हातभार लावणेंच नव्हे काय? माझ्या मतें त्या दोघांनीं त्या दिवशीं न खेळून जें केलें, त्याहून अधिक खिलाडूपणाचें कृत्य त्या काळच्या चौरंगी सामन्यांत झालें नाहीं.

परिणाम त्वरित झाला. पुढील सामन्यास पै परतले, बाळू उपकप्तान झाले, दोघे बंधुही संघांत आले. त्या सामन्यांत पै बुद्ध्याच कांहीं वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ संघ बाळूंनीं चालविला. सात वर्षांपूर्वींच्या भाषणाची ही भरपाई उशिराची खरी, तरी प्रामाणिक होती.

१९२३ सालीं विठ्ठल हिंदूंचे कप्तान झाले, आणि त्यांच्या संघानें अंतिम सामन्यांत युरोपियनांचा पराभव केला. प्रेक्षकांनीं त्यांना खांद्यावर उचलून घेतलें. बाळू १९५५ सालीं वारले. रीतसर कप्तानपद त्यांना कधींच मिळालें नाहीं.