मुलगा अजून १८ चा नाही, पण गाडी चालवतो? कायदा काय सांगतो आणि पालक काय करू शकतात

सकाळी पावणेसात वाजता आपल्या शहरातल्या कुठल्याही अकरावी-बारावीच्या क्लासबाहेर पाच मिनिटं उभं राहा. एकामागून एक स्कूटर येतात. पाठीवर सॅक, मागे एक मित्र, कधी कधी दोन. हेल्मेट असलंच तर आरशाला अडकवलेलं. अकरावीतली मुलं साधारण सोळा-सतरा वर्षांची असतात. म्हणजे यातल्या किती जणांकडे लायसन्स असेल, याचं उत्तर शोधायला आरटीओत जायची गरज नाही.

पालकांना हे माहीत नसतं का? असतं. क्लास लांब असतो, बसची वेळ जुळत नाही, रोज रिक्षा परवडत नाही आणि आई-बाबा दोघंही कामावर असतात. ही कारणं खोटी नाहीत. म्हणूनच ‘चावी देऊ नका’ एवढं सांगून विषय संपत नाही. चावी दिल्यावर नेमकं काय पणाला लागतं आणि मुलांना जबाबदारीने गाडी चालवायला शिकवायचं म्हणजे काय करायचं, ते समजून घेऊया.

कायद्यात वयाची अट काय आहे?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४ नुसार १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवता येत नाही. याला एकच सूट आहे. १६ वर्षं पूर्ण झालेल्यांना ५० सीसीपर्यंतच्या इंजिनची दुचाकी चालवता येते. त्यासाठीही लायसन्स लागतं आणि अर्जावर पालकांची संमती लागते.

सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. ‘सोळाव्या वर्षी बिनगियरची गाडी चालते’ असं घरोघरी सांगितलं जातं. पण कायद्यातली खरी अट इंजिनच्या क्षमतेची आहे. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक पेट्रोल स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या आहेत. म्हणजे घरात उभी असलेली स्कूटर बिनगियरची असली, तरी सोळा-सतरा वर्षांच्या मुलासाठी ती बेकायदाच आहे.

मग इलेक्ट्रिक स्कूटरचं काय? ज्यांच्या मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, अशा ठरावीक गाड्यांना नियमांनुसार मोटार वाहन मानलं जात नाही. त्यांना नंबर प्लेट आणि लायसन्स लागत नाही. पण ताशी पन्नास-साठने धावणाऱ्या ई-स्कूटर या सुटीत बसत नाहीत. दुकानदार काहीही सांगो, आधी गाडीची कागदपत्रं तपासा. गाडीला आरटीओची नोंदणी लागत असेल, तर चालवणाऱ्याला लायसन्सही लागतं.

चावी देणाऱ्याला काय शिक्षा होते?

२०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १९९अ आलं. त्याआधी अल्पवयीन मुलगा पकडला गेला की दंड भरून विषय मिटायचा. आता मुलाने वाहतुकीचा गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्यात पुढील तरतुदी आहेत :

- पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५ हजार रुपये दंड.
- गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द.
- त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही.

मुलाने गाडी पालकांच्या संमतीनेच नेली, असं कोर्ट गृहीत धरून चालतं. ‘मला न विचारता नेली’ किंवा ‘मी पुरेशी काळजी घेतली होती’ हे पालकांना सिद्ध करावं लागतं. चावी रोज दाराजवळच्या खिळ्याला लटकत असेल, तर हे सिद्ध करणं सोपं नाही.

लायसन्सबद्दलची तिसरी तरतूद मुलांनी नीट वाचायला हवी. पंचविशीपर्यंत लायसन्स नाही म्हणजे कॉलेजची सगळी वर्षं आणि पहिली नोकरी दुसऱ्याच्या गाडीवर मागे बसून काढायची. डिलिव्हरीपासून मार्केटिंगपर्यंत जिथे लायसन्स मागतात, ती कामंही हातची जातात.

विम्याचं काय?

याकडे सहसा कुणाचं लक्ष नसतं. गाडी लायसन्स नसलेल्या व्यक्तीने चालवली असेल, तर तो विम्याच्या अटींचा भंग ठरतो. अपघातात दुसऱ्या कुणाचा जीव गेला, तर अशा अनेक प्रकरणांत कोर्ट विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला सांगतं आणि नंतर ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. मृत व्यक्ती कमावती असेल तर ही भरपाई काही लाखांत किंवा त्याहूनही जास्त असू शकते. म्हणजे दहा मिनिटांच्या क्लासच्या फेरीसाठी घर आणि शेतीसुद्धा पणाला लागू शकते. शिवाय स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाण्याची शक्यता असते, ती वेगळीच.

मुलावर काय कारवाई होते?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये १७ वर्षांच्या मुलाच्या पोर्शे कारने दुचाकीला धडक दिली. दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनिअर्सचा मृत्यू झाला. बाल न्याय मंडळाने काही तासांतच मुलाला जामीन दिला आणि अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. देशभर संताप उसळला. त्यानंतर मंडळाने मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं, वडिलांना अटक झाली आणि जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुलाला सोडण्याचा आदेश दिला.

त्याच्यावर सज्ञान म्हणून खटला का चालला नाही? बाल न्याय कायदा, २०१५ नुसार १६ ते १८ वयाच्या मुलावर सज्ञान म्हणून खटला चालवायचा, तर गुन्हा ‘निर्घृण’ प्रकारचा लागतो, म्हणजे ज्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे. सदोष मनुष्यवधाच्या कलमात जास्तीत जास्त शिक्षा मोठी असली, तरी किमान सात वर्षांची अट नाही. दिल्लीत २०१६ मध्ये एका अल्पवयीन मुलाच्या मर्सिडीजखाली एका तरुणाचा जीव गेला होता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हाच मुद्दा स्पष्ट केला. पुण्याच्या प्रकरणातही पोलिसांची तशी मागणी बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

हा कायदा योग्य की अयोग्य, यावर मतं वेगळी असू शकतात. पण शिक्षेचा कितीही कडक कायदा अपघात झाल्यानंतर लागू होतो. गेलेला जीव त्याने परत येत नाही.

किशोरवयात धोका जास्त का?

‘माझा मुलगा गाडी छान चालवतो’ हे वाक्य बऱ्याचदा खरं असतं. गाडी सांभाळणं मुलं लवकर शिकतात. पण पुढे काय होणार आहे, याचा अंदाज यायला वेळ लागतो. थांबलेल्या रिक्षाचा दरवाजा उघडेल, बसच्या पुढून कुणी धावत येईल, रात्री रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली समोर उभी असेल, हे अनुभवी माणसाला आधीच जाणवतं. आवेग आवरणारा आणि परिणामांचा विचार करणारा मेंदूचा भाग पूर्ण विकसित व्हायला विशीचा मध्य उजाडतो, असं मेंदूविज्ञान सांगतं. त्यात मागे मित्र बसले की मुलं जास्त धोका पत्करतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे.

आता थोडं गणित. ताशी ४० च्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरला, तर कोरड्या चांगल्या रस्त्यावर गाडी थांबायला साधारण २० मीटर लागतात. ताशी ६० ला हेच अंतर ३७ मीटरच्या आसपास जातं. वेग दीडपट, पण थांबायचं अंतर जवळपास दुप्पट. पावसाळ्यात ते आणखी वाढतं. आणि ताशी ५० च्या वेगात फक्त दोन सेकंद मोबाइलकडे पाहिलं, तर गाडी २८ मीटर अंतर आंधळेपणाने कापते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ लोकांचा जीव गेला. त्यात ९ हजार ५२८ जण १८ वर्षांखालचे होते. म्हणजे रोज सरासरी २६ मुलं. यात गाडी चालवणारी, मागे बसलेली आणि रस्त्याने चालणारी, अशी सगळीच मुलं आली. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेल्या ५० हजार २९ दुचाकीस्वारांचा मृत्यू झाला.

इतर देशांनी काय केलं?

न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने लायसन्स देण्याची पद्धत सुरू केली. पहिल्या टप्प्यात शेजारी अनुभवी चालक असल्याशिवाय गाडी चालवता येत नाही. दुसऱ्या टप्प्यात एकट्याने चालवता येते, पण रात्री १० ते पहाटे ५ नाही आणि मित्रांना बसवून नाही. तिसऱ्या टप्प्यात पूर्ण लायसन्स. अमेरिकेत १९९६ मध्ये फ्लोरिडाने सुरुवात केली आणि आता तिथल्या सर्व राज्यांत कुठल्या ना कुठल्या रूपात ही पद्धत आहे. जिथे ती नीट राबवली गेली, तिथे किशोरवयीन चालकांचे अपघात कमी झाले.

आपल्याकडे असे टप्पे नाहीत. लर्निंग लायसन्स मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. ती पास झाली की अठराव्या वर्षी मुलगा रात्री दोन वाजता मित्रांना घेऊन एक्स्प्रेस वेवर जायला मोकळा. पण कायद्यात नसलेले टप्पे घरात लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

घरी काय करता येईल?

१. अठरापर्यंत चावी नाही, पण पर्याय द्या. सायकल, पास, चार पालकांनी मिळून ठरवलेली रिक्षा किंवा आळीपाळीने सोडणं. पर्याय न देता नुसता नकार दिला, तर मुलं मित्राची गाडी घेतात.

२. मागे बसणंही शिकवा. मुलं गाडी चालवायच्या आधी मित्राच्या गाडीवर बसतात. ‘हेल्मेट नाही तर बसायचं नाही, तिसरा असेल तर बसायचं नाही’ हा नियम तेराव्या वर्षापासून लागू करता येतो. कायद्याने मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे. ते आयएसआय मार्कचं हवं आणि पट्टा बांधलेला हवा.

३. लर्निंग लायसन्सला फक्त कागद समजू नका. त्या काळात गाडीवर पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा आणि सोबत लायसन्स असलेली शिकवणारी व्यक्ती हवी. शिकाऊ दुचाकीस्वाराने मागे मित्र बसवणं नियमात बसत नाही. हे लायसन्स सहा महिने चालतं, तेव्हा तिसाव्या दिवशीच टेस्टची घाई करू नका. पाऊस, संध्याकाळची गर्दी, घाट, हायवे, हे सगळं शेजारी बसून एकेकदा तरी करून घ्या.

४. पहिलं वर्ष टप्प्यांचं ठेवा. सुरुवातीचे सहा महिने रात्री दहानंतर गाडी नाही आणि एका वेळी एकच मित्र. हे आधी बसून एकत्र ठरवा. मुलांचं म्हणणंही ऐका.

५. ‘फोन कर, मी येतो’ हा शब्द द्या. पार्टीत कुणी प्यायलं असेल, उशीर झाला असेल, तर मुलाने घाबरून गाडी काढू नये. रात्री घ्यायला जा. ओरडायचं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी ओरडा.

६. स्वतःकडे पाहा. सिग्नल तोडणाऱ्या, कानाला फोन लावून गाडी चालवणाऱ्या बापाच्या मागे मूल दहा वर्षं बसलेलं असतं. त्याचं ड्रायव्हिंग स्कूल तेच असतं.

आणि मुलांसाठी एक गोष्ट. मित्र जोरात चालवत असेल, तर ‘हळू चालव’ म्हणायला लाज वाटते. त्याऐवजी ‘मला मळमळतंय, थांबव जरा’ म्हणा आणि उतरा. कारण खोटं असलं तरी चालेल. घरी पोहोचणं महत्त्वाचं.

अठरावं वर्ष लागायला फार तर वर्ष-दीड वर्ष उरलेलं असतं. तेवढे दिवस क्लासला जायला वीस मिनिटं जास्त लागतील. घरात चावी मागितली गेली की या वीस मिनिटांसमोर काय काय पणाला लागतं, ते एकदा मुलासोबत बसून मोजा.