जमीन सुटते, दोर सुटत नाही : शिकाऱ्याच्या सॅडलची कथा

१/
नोव्हेंबरमधील पहाट. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या जंगलात एक धनुर्धारी शिकारी ओक वृक्षाच्या बुंध्याशी येऊन थांबतो. वृक्षावर मचाण नाही, टेकवलेली शिडीही नाही. पाठीवरच्या पिशवीत दोर आणि धातूच्या चार आखूड कांड्या, कमरेला कापडी पट्टा, एवढेच साहित्य. थोड्याच वेळात तो सहा मीटर उंचीवर, खोडाकडे तोंड करून, दोराच्या आधाराने बसलेला असतो. या पद्धतीला 'सॅडल हंटिंग' म्हणतात. सॅडल म्हणजे खोगीर. मात्र हे खोगीर माणसाच्याच कमरेला बांधलेले असते.

२/
हे साहित्य शिकाऱ्यांनी एकट्याने शोधलेले नाही. त्यातील पट्टा तारायंत्राच्या खांबांवरून आला, गाठ आल्प्समधील गिर्यारोहकांकडून आली, बसण्याची रीत हिमालयीन मोहिमांच्या काळात घडली आणि 'सॅडल' हे नाव झाडे छाटणाऱ्या कारागिरांनी दिले. चार निरनिराळ्या व्यवसायांतील माणसे उंचावरून पडली, त्यातून वाचलेल्यांनी काही नियम केले आणि ते नियम अखेर या एका पट्ट्यात एकत्र आले. म्हणून सॅडलचा इतिहास हा पडण्याचा आणि न पडण्याचा इतिहास आहे.

३/
भारतीय वाचकाला मचाण परिचित आहे. संस्थानिकांच्या आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या शिकारीत ते आधीच बांधून तयार असे आणि हाकारे सावजाला त्या दिशेने रेटीत. अमेरिकेतील सामान्य शिकाऱ्यापाशी हाकारे नसतात. तेथील अनेक सार्वजनिक जंगलांत झाडावर कायमस्वरूपी मचाण ठोकण्यास मनाई असते. त्याला एकट्याने, अंधारात, आवाज न करता झाडावर चढावे लागते आणि परतताना सारे उतरवून न्यावे लागते.

४/
पण झाडावर चढण्याची गरजच का पडावी? याचे उत्तर धनुष्यात आहे. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे याही जमातीचा अखेरचा ज्ञात वंशज इशी लोकांसमोर आला. सॅक्स्टन पोप या डॉक्टरने त्याच्याकडून धनुर्विद्या शिकून घेतली. १९१६ मध्ये इशी क्षयाने वारला. १९२३ मध्ये पोपचे धनुष्याने करावयाच्या शिकारीवरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि या विद्येला नवे चाहते मिळाले. बंदुकीची गोळी शेकडो मीटर जाते. बाणाने नेमका वेध घ्यायचा, तर सावज वीस-तीस मीटरच्या आत यावे लागते.

५/
अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीचे हरीण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेसुमार शिकारीमुळे अनेक राज्यांतून जवळजवळ नाहीसे झाले होते. १९००चा लेसी कायदा आणि १९३७चा पिटमन-रॉबर्टसन कायदा यांनी चित्र पालटले. दुसऱ्या कायद्याने शस्त्रांवरील कराचा पैसा वन्यजीव संवर्धनाकडे वळवला. विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये केवळ धनुर्धाऱ्यांसाठी हरणांच्या शिकारीचा हंगाम ठरवून दिला. १९६९ मध्ये हॉलिस ॲलन यांना कप्प्यांच्या कंपाउंड धनुष्याचे पेटंट मिळाले. हरणे वाढली, धनुर्धारी वाढले आणि सावजाजवळ पोहोचण्याची चढाओढही वाढली.

६/
हरणाचे नाक तीक्ष्ण असते आणि जरासी हालचालही त्याच्या नजरेतून सुटत नाही. उंचीवर बसलेला माणूस त्याच्या नेहमीच्या दृष्टिरेषेच्या वर राहतो. म्हणून १९७०च्या दशकापासून झाडाला अडकवायची धातूची आसने बाजारात आली. त्यांना 'ट्री स्टँड' म्हणतात. त्यांच्याबरोबरच अपघातही आले. सुरुवातीला अनेक जण काहीच बांधत नसत. जे बांधत, ते केवळ कमरेभोवती एक पट्टा आवळत. पडल्यावर तोच पट्टा वर सरकून छातीला आवळे आणि श्वास कोंडे.

७/
त्याहून मोठी उणीव दुसरीच होती. पट्टा बांधला जाई तो आसनावर बसल्यानंतर. जमिनीपासून आसनापर्यंतची चढण आणि पायरीवरून आसनावर पाऊल टाकण्याचा क्षण, दोन्ही मोकळेच राहत. माणूस घसरण्याची भीती मात्र नेमकी तेथेच अधिक असते. पुढे पूर्ण शरीराचे हार्नेस रूढ झाले, तरी वर पोहोचल्यावरच बांधण्याची सवय सुटेना. हे कोडे दुसऱ्या एका व्यवसायाने बऱ्याच आधी ओळखले होते.

८/
२४ मे १८४४ रोजी सॅम्युअल मोर्स यांनी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारसंदेश पाठवला. त्यानंतर अमेरिकाभर खांब उभे राहिले आणि त्यांवर चढणारा 'लाइनमन' जन्माला आला. विजेच्या तारा आल्यावर त्याचे काम अधिकच जीवघेणे झाले. १८९१ मध्ये सेंट लुइस येथे वीज-कामगारांनी संघटना स्थापन केली. तिचे पहिले अध्यक्ष हेन्री मिलर हे स्वतः लाइनमन होते. १८९६ मध्ये वॉशिंग्टन येथे काम करताना विजेचा धक्का बसून ते खांबावरून कोसळले आणि मरण पावले. सहकाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी लढणाऱ्याचाच घास खांबाने घेतला.

९/
लाइनमनचा पट्टा साधा आहे. कमरेच्या एका बाजूने निघालेला पट्टा खांबाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला अडकतो. माणूस किंचित मागे रेलला की पट्टा ताणला जातो, पायांचा दाब खांबावर पडतो आणि दोन्ही हात मोकळे होतात. प्रत्येक पावलाबरोबर पट्टा वर सरकवत न्यायचा असतो. आजचा सॅडलधारी शिकारी चढताना हीच युक्ती वापरतो आणि तिला आजही 'लाइनमन्स बेल्ट' असेच म्हणतो. मात्र हा पट्टा मागे रेलण्यासाठी असतो. पाय सुटला तर तो खोडावरून खाली घसरू शकतो. केवळ त्याच्यावर विसंबून चालत नाही.

१०/
गाठीची कथा ऑस्ट्रियातील. गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांच्या नावाने ओळखली जाणारी गाठ १९३१ मध्ये दोरावर चढण्याचे साधन म्हणून प्रसिद्ध झाली. मुख्य दोराभोवती त्याहून बारीक दोराचा फास दोन-तीन वेढे देऊन आवळतात. भार नसताना ही गाठ बोटांनी सहज सरकते. भार पडताच जागच्या जागी घट्ट धरते. सह्याद्रीच्या कड्यांवर प्रशिक्षण घेणारे गिर्यारोहकही हीच गाठ शिकतात. शिकाऱ्याच्या मुख्य दोरावरील उंची कमी-जास्त करते तीही हीच, किंवा तिचे काम करणारे छोटे यंत्र.

११/
गाठ कितीही चांगली असली, तरी दोर कुजका असेल तर व्यर्थ. काथ्या-तागासारख्या धाग्यांचे जुने दोर ओलाव्याने आतून सडत आणि बाहेरून ते कळत नसे. १९३०च्या दशकात नायलॉन आले. १९५३ मध्ये जर्मनीच्या एडेलरिड कंपनीने आत भार पेलणारा गाभा आणि बाहेर विणलेले वेष्टण अशा रचनेचा दोर तयार केला. वेष्टण झिजले तरी गाभा शाबूत राहतो आणि झीज डोळ्यांना दिसते. दोर तुटण्याआधीच सूचना देऊ लागला.

१२/
बसण्याची सोयही गिर्यारोहणातच घडली. पूर्वी दोर थेट कमरेला बांधत. त्यावर लोंबकळणारा माणूस काही मिनिटांतच गुदमरू लागे. १९७०च्या अन्नपूर्णा मोहिमेसाठी डॉन व्हिलन्स यांनी मांड्या आणि ओटीपोटाभोवती भार वाटून देणारे हार्नेस घडवले. बाजारात लोकप्रिय झालेल्या सुरुवातीच्या बैठक-हार्नेसमध्ये त्याची गणना होते. इकडे झाडे छाटणारे कारागीर रुंद पट्ट्यांच्या 'सॅडल'मध्ये बसून दिवसभर फांद्यांत काम करीत होते. उंचावर टिकून राहायचे तर बसताही आले पाहिजे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

१३/
शिकाऱ्यांच्या जगात ही बैठक आणण्याचे श्रेय कोणा एकाचे नाही. तिच्या सुरुवातीच्या पुरस्कर्त्यांमध्ये मिशिगनचे जॉन एबरहार्ट यांचे नाव ठळक आहे. १९८०च्या दशकापासून ते अशी झोळी वापरत आणि पुस्तकांतून तिची बाजू मांडत. बराच काळ बहुतेकांनी तिकडे कौतुकमिश्रित संशयाने पाहिले. २०१८च्या सुमारास 'टेथर्ड'सारख्या कंपन्यांनी हलकी सॅडल बाजारात आणली. सात-आठ किलोच्या आसनाऐवजी किलोभराच्या आसपासचा पट्टा नेता येतो हे कळल्यावर ही पद्धत झपाट्याने पसरली.

१४/
आता प्रत्यक्ष चढाई. तयारी जमिनीवरच होते : सॅडल घालून, बकले तपासून, जी वस्तू आधी लागणार ती सर्वांत वर अशी रचना. प्रथम लाइनमनचा पट्टा खोडाभोवती जातो. मग पहिली कांडी खोडाला घट्ट बांधली जाते. तिच्यावर दोन्ही बाजूंना पायऱ्या असतात. तिच्यावर उभे राहून दुसरी, दुसरीवरून तिसरी. वाटेत फांदी आली, तर फांदीच्या वर आधी मुख्य दोर बांधायचा, त्यात भार घ्यायचा आणि मगच खालचा पट्टा काढून वर न्यायचा. एक बंध पक्का झाल्याशिवाय दुसरा सुटत नाही.

१५/
इच्छित उंचीवर हातभर आकाराचा पायठाण खोडाला बांधतात. 'टेथर' म्हणजे मुख्य दोर साधारण डोक्याच्या उंचीवर खोडाभोवती आवळतात. सॅडलच्या दोन्ही बाजूंना जोडणारा दोर, ज्याला 'ब्रिज' म्हणतात, तो कॅराबिनरने टेथरवरील प्रुसिकला अडकवतात. मग हळूहळू बसून पूर्ण वजन त्यावर टाकून पाहतात. दोर धरतो आहे याची खात्री झाल्यावरच लाइनमनचा पट्टा निघतो. जुन्या आसनांच्या काळी जो क्षण मोकळा राहत होता, तो येथे दोन दोरांच्या ताब्यात असतो.

१६/
टेथरमध्ये ढील का नको, हे साध्या गणितातून कळते. माणूस एक मीटर पडला आणि न ताणणाऱ्या दोराने त्याला पुढच्या दहा सेंटिमीटरमध्ये थांबवले, तर त्याच्यावर येणारे सरासरी बल त्याच्या वजनाच्या सुमारे अकरा पट असते. ८० किलोच्या देहाला क्षणभर पाऊण टनाहून अधिक ओढ बसते. दोर ताणलेला असेल, तर पाय घसरला तरी माणूस जवळजवळ पडतच नाही. तो फक्त बसतो. सॅडलची सुरक्षितता दोराच्या जाडीइतकीच या तणावात आहे.

१७/
अलीकडे काही जण एकाच कांडीवर चढतात. कांडी बांधायची, तिच्यावर उभे राहून टेथर वर सरकवायचा, त्यात बसायचे, कांडी सोडवून वर घ्यायची आणि पुन्हा बांधायची. उतरताना लांब दोरावरून रॅपलिंग करतात. ओझे कमी होते, पण सराव अधिक लागतो. म्हणून जाणते शिकारी नवख्याला आधी दिवसाउजेडी, जमिनीपासून हातभर उंचीवर सारा क्रम पुन्हा पुन्हा करायला लावतात. या विद्येत कार्यक्षमता घाईने येत नाही. प्रत्येक वस्तूची जागा आणि प्रत्येक हालचालीचा क्रम ठरला, की वेळ आपोआप वाचतो, आवाज थांबतो आणि चूक करायला जागा उरत नाही.

१८/
भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर मचाणाचा तो काळ संपला. दोरावरून झाडावर चढण्याची विद्या मात्र शिकारीपुरती उरलेली नाही. १९७९ मध्ये मेग लोमन या संशोधिकेने स्वतः शिवलेला हार्नेस घालून ऑस्ट्रेलियातील वर्षावनाच्या शेंड्यांचा अभ्यास सुरू केला. हाती धनुष्य असो वा टिपणवही, नियम एकच राहतो. संध्याकाळी तो मिशिगनचा शिकारी उतरतो, तेव्हा सारा क्रम उलटा होतो : आधी लाइनमनचा पट्टा पुन्हा खोडाभोवती, मग टेथर मोकळा, मग एकेक कांडी. दोन्ही पाय मातीला लागतात, आणि त्यानंतरच शेवटचा बंध सुटतो.