बिनतारी वाट आणि परवलीचा शब्द



कंधार, उदगीर आणि औसा हे आपल्या नांदेड-लातूर जिल्ह्यांतले किल्ले. पूर्वी किल्ल्यावर रात्री येणाऱ्यास पहारेकरी परवल विचारी. शब्द जुळला तर वाट, नाही तर मज्जाव. आज ज्यास आपण पासवर्ड म्हणतो त्यास 'परवलीचा शब्द' हे मराठी नाव मिळाले ते या पहाऱ्यावरून. परंतु किल्ल्याला तट होता. घरोघरी आलेल्या वायफायला तट नाही, आणि आजचा माझा विषय तोच आहे.

तारेने पाठविलेला संदेश तारेच्या वाटेनेच जातो. चोराला खांबावर चढावे लागते. बिनतारी संदेश दाही दिशांना पसरतो, ज्याच्याजवळ यंत्र आहे तो ऐकतो. ही गोष्ट जगाला फार लवकर कळली. 4 जून 1903 रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांचे व्याख्यान होते. आपले संदेश खाजगी राहतात असा मार्कोनीचा दावा, आणि तो स्वतः दूर कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरून संदेश पाठविणार होता. त्याआधीच सभागृहातले यंत्र खडखडू लागले आणि 'उंदीर' या अर्थाचा इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा उमटू लागला! नेव्हिल मॅस्केलिन नावाच्या जादूगाराने जवळूनच तो पाठविला होता. फ्लेमिंग संतापले, वर्तमानपत्रांत पत्रे झडली. पण दावा फुटला तो फुटलाच.

आपल्याकडे 1942 साली उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला, तेव्हा हीच अडचण उलट बाजूने आली. आवाज सर्वत्र जावा, पण कोठून येतो ते कळू नये! म्हणून जागा सारखी बदलावी लागे. अखेर 12 नोव्हेंबरला छापा पडला, तो आतल्याच तंत्रज्ञाकडून ठिकाण कळल्यावर.

आता आजचे शब्द. संगणकांच्या जाळ्यात मजकूर अखंड जात नाही. त्याची लहान लहान पाकिटे होतात आणि प्रत्येकावर पाठविणाराचा व घेणाराचा पत्ता असतो. हा आयपी पत्ता. पाकिटे छाटून पुढे धाडणारे यंत्र ते राउटर; रेल्वे टपालाच्या डब्यात पत्रे छाटीत, तसेच. घरात चार फोन असोत की वसतिगृहात चाळीस, बाहेरच्या जगाला बहुधा राउटरचा एकच पत्ता दिसतो. म्हणजे पत्ता घराचा, माणसाचा नव्हे.

हे किती महाग पडते ते 2008 साली कळले. 26 जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, 56 माणसे गेली. काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला होता. पोलिसांनी पत्त्याचा माग काढला तो नवी मुंबईत सानपाड्याला, एका अमेरिकन गृहस्थाच्या घरी निघाला. त्याची चौकशी झाली, संगणक तपासले गेले. ईमेल त्याचा नव्हताच. त्याच्या वायफायचा कोणी परस्पर उपयोग केला होता. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्याच्या एका महाविद्यालयाचे आणि चेंबूरच्या एका कंपनीचे जाळे तसेच वापरले गेले. कापडगिरणीत हजेरीचे तिकीट असे. त्या तिकिटावर दुसराच कोणी आत गेला आणि माल बिघडवून आला, तर दंड तिकिटवाल्याला. गिरण्या गेल्या, न्याय तोच राहिला.

यावर उपाय कूटलेखनाचा: हवेतून जाणारा मजकूर किल्लीवाचून वाचता येऊ नये. 1997 च्या पहिल्या वायफाय नियमांत 'डब्ल्यूईपी' नावाचे कुलूप होते. 2001 मध्ये तीन गणितज्ञांनी त्यातली खोट दाखविली, आणि 2007 पर्यंत ते मिनिटाभरात उघडू लागले. त्याच्या जागी 2004 मध्ये 'डब्ल्यूपीए टू' आणि 2018 मध्ये 'डब्ल्यूपीए थ्री' आले. ही कुलुपे चांगली आहेत, पण किल्ली 'एक दोन तीन चार' ठेवणाऱ्यापुढे गणिताचेही काही चालत नाही.

लातुरात शिकवण्यांसाठी गावोगावची मुले येऊन राहतात. एखाद्या खोलीच्या भिंतीवर परवलीचा शब्द चिकटविलेला मी पाहिला आहे. गेल्या वर्षीची मुले गेली, शब्द तोच. जोडणी असते घरमालकाच्या किंवा खानावळवाल्या बाईंच्या नावावर. उद्या कोणी त्या वाटेने एखाद्याला फसविले तर पोलीस प्रथम तिचे दार वाजवितील, आणि राउटर म्हणजे काय हे त्या बाईंना तेव्हा प्रथम कळेल. म्हणून मुले बदलली की शब्द बदलावा. पाहुण्यांसाठी निराळे जाळे राउटरमध्येच उघडता येते, ते उघडावे. राउटरच्या कारभाराचा परवलीचा शब्द वेगळा असतो. कारखान्यातून आला तसाच तो बहुतेक ठिकाणी राहिलेला असतो. तो आज घरी गेल्यावर बदलावा. जोडणी करून देणाऱ्या मुलाला विचारले तर पाच मिनिटांचे काम आहे.