चिनी मातीचे खेळाडू

बोनस आणि पगारवाढ यांवर बोलणाऱ्या माणसाने जर्मनीतल्या नाजूक पुतळ्यांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण काचेच्या कपाटातली पुतळीही कुणीतरी मजुरीवरच घडवलेली असते. मला त्या मजुराविषयी बोलायचे आहे.

युरोपला अस्सल चिनी मातीचे गुपित फार उशिरा कळले. सोने करून दाखवतो म्हणणाऱ्या ब्योटगर नावाच्या तरुणाला सॅक्सनीच्या ऑगस्टस राजाने कोंडून ठेवले. सोने काही झाले नाही. पण चिर्नहाउस या शास्त्रज्ञाबरोबर खपून त्याने १७०८ च्या सुमारास ही माती साधली. १७१० साली माइसेनच्या किल्ल्यात कारखाना निघाला. ब्योटगर १७१९ मध्ये, सदतिसाव्या वर्षी वारला. या धंद्याचा युरोपातला आद्य कारागीर असा कैदी होता, हे ध्यानात असू द्यावे.

माइसेनच्या पुतळ्यांत शिकारी होते, नाटकी पात्रे होती. खेळाडू खऱ्या अर्थाने आले ते विसाव्या शतकात, व्यायामाचे आणि क्रीडासंघांचे वेड शहरांत पसरल्यावर. पोहणारी मुलगी, टेनिसपटू, बर्फावर घसरणारा गडी हे मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात जाऊन बसले.

असा खेळाडू घडवणे मोठे जिकिरीचे काम. मूळ नमुन्याचे तुकडे करून प्रत्येकाचा प्लॅस्टरचा साचा घेतात. साच्यात मातीचा पातळ रबडा ओततात. प्लॅस्टर पाणी शोषून घेते. मग हात, पाय, डोके ओल्या मातीनेच जोडतात. भट्टीत माती सुमारे सहाव्या हिश्शाने आकसते आणि चौदाशे अंशांच्या आसपास मऊ पडते. बसलेल्या बाईचे त्यात काही बिघडत नाही. पण धावणाऱ्याचा पसरलेला पाय लोंबू नये म्हणून खाली मातीचे टेकू द्यावे लागतात. भट्टीतून वाचलेला हात पुढे घरात झाडलोट करताना मोडतो. म्हणूनच धड खेळाडू दुर्मिळ, आणि संग्राहक त्याच्यापायी वेडे! मातीची धूळ मात्र कामगारांच्या फुफ्फुसात जाई. त्यांची संघटना होती, आणि तिच्या पत्राचे नाव होते ‘मुंगी’. मला ते नाव फार आवडते.

१९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरले. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळ करून दाखवले. बर्लिनच्या जुन्या सरकारी कारखान्याने ऑलिंपिकच्या घंटेच्या पांढऱ्या प्रतिकृती काढल्या. त्याआधीच, १९३४ मध्ये, सेल्ब गावच्या फिलिप रोझेंथालला ज्यू वंशाचा म्हणून स्वतःच्याच कारखान्यातून बाहेर काढले होते. तो १९३७ मध्ये वारला. मालावर नाव त्याचेच राहिले.

म्युनिकजवळच्या आलाख गावी १९३५ मध्ये निघालेला छोटा कारखाना लवकरच हिमलरच्या एस. एस. ने ताब्यात घेतला आणि मुख्य काम डाखाऊला, छळछावणीच्या शेजारी नेले. इथला पट्टेबाज संग्राहकांत प्रसिद्ध आहे. पुतळी सुबक आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. असल्या पुतळ्या हिमलर मर्जीतल्या लोकांना भेट देई. कामगार लढाईवर गेले तेव्हा छावणीतले कैदी कामाला लावले. पगाराचा प्रश्नच नव्हता. पण छप्पर आणि भट्टीची ऊब होती, म्हणून कैद्यांना ही जागा दगडखाणीपेक्षा बरी वाटे. यावर मालकाची दयाबुद्धी म्हणणारे वकील मला आमच्याकडेही भेटले आहेत.

आज या पुतळ्यांना लिलावात मोठी किंमत येते, नकलाही पुष्कळ निघतात. घेणारा पुतळी उलटी करून तळावरची एकमेकांत गुंतवलेली एस. एस. ची खूण खरी की खोटी ते भिंगाने पाहतो. ती खरी निघाली तर तो खूष होतो, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

रोझेंथालचा मुलगा लढाईनंतर परतला, कारखान्यात शिरला आणि १९६९ मध्ये समाजवादी पक्षातर्फे संसदेत गेला. कामगारांना उद्योगाच्या मालकीत वाटा असावा, हा त्याचा आग्रह होता.

डाखाऊच्या त्या कारखान्यात हान्स लांडाउअर नावाचा ऑस्ट्रियन कैदी होता. पोरवयातच तो स्पेनच्या लोकसत्तेसाठी लढायला गेला होता. तो जिवंत सुटला आणि २०१४ पर्यंत जगला. उतारवयात त्याने स्पेनमध्ये लढलेल्या आपल्या देशबांधवांची नावे आणि चरित्रे एकेक करून गोळा केली.